मार्ताबाईची राखण

कुशाबा पिंपरीच्या एका कारखान्यात वॉचमन होता, आणि त्याच्या सबंध नोकरीत त्या कारखान्यातून एक वस्तू चोरीला गेली नाही. हे तो गावात कुणी न विचारताही सांगायचा. त्या कारखान्यात रोड रोलरची चाकं ओतत असत, हे मात्र खोदून विचारल्यावरच सांगायचा.

रिटायर होऊन तो गावी आला तो शिट्टी, काठी आणि मिशी घेऊन. शिट्टी नातवानं पहिल्याच आठवड्यात विहिरीत टाकली. काठी राहिली. मिशी तर अशी, की समोरून बघणाऱ्याला आधी मिशी दिसायची आणि मग, तिच्यामागं, कुशाबा.

गाव लेण्याद्रीच्या अलीकडचं. चोरी म्हणजे काय, तर कुणाची कोंबडी कुणाच्या खुराड्यात सापडायची, आणि ती बहुतेक स्वतःच गेलेली असायची. अशा गावात वॉचमनचं शास्त्र जाणणाऱ्या माणसानं करायचं काय? कुशाबा पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवायचा आणि आतल्या आत झिजायचा.

सत्त्याण्णव सालची दिवाळी होऊन कांद्याच्या लागणी सुरू झाल्या, तेव्हा मार्ताबाई आली.

ही हॉलंडची बाई. चाळिशीची, उंच, एकटी. लेण्याद्रीच्या आणि आसपासच्या डोंगरांतली लेणी टेप लावून मोजायची आणि कागदावर उतरवायची, हे तिचं काम. मराठी पुण्यात शिकलेली, त्यामुळं आपल्यापेक्षा शुद्ध बोलायची. साळुबाईच्या घराला लागून असलेली खोली तिनं भाड्यानं घेतली आणि दाराला आपल्या पिशवीतलं पितळी कुलूप लावलं. गावात कुलपं होती, नाही असं नाही. पण ती कुत्रं आत शिरू नये म्हणून, आणि किल्ली चौकटीवर ठेवलेली असते हे सगळ्या आळीला ठाऊक. हिची किल्ली हिच्या गळ्यात. साळुबाईला ते जरा लागलंच.

संध्याकाळी पारावर सरपंच रखमाजीनं विषय काढला.

"तिकडं कुठं समुद्राच्या कडंला एका गोऱ्या बाईची पिशवी मारली, तर दिल्लीपत्तुर बोंब झाली. आपल्याकडं हिला कायी झालं, तर मला कुठून कुठून फोन येतील?"

"तुमच्याकडं फोन न्हाई, सरपंच," गेणू न्हावी म्हणाला.

"म्हणून तर भ्याव वाटतंय. माणसंच येतील, जीप घेऊन."

कुशाबानं काठी दगडावर आपटली. इतक्या वर्षांनी कामाचं काम चालून आलं होतं.

"ही जबाबदारी माझी. बाई गावात हाय तवर तिच्या केसाला धक्का लागायचा न्हाई. अन् धक्क्याचं सोडा, तिला नुसतं भ्यायची पाळी जरी आली, तरी ही मिशी उतरवीन."

"बघा हां, कुशाबा," गेणू म्हणाला. "वस्तरा माझा हाय."

दुसऱ्या दिवसापासून राखण सुरू झाली.

आता परक्या बाईमाणसाची राखण करायची म्हणजे कशी? तिच्या बरोबरीनं चालायचं, तर ते बरं दिसत नाही. पुढं चालायचं, तर घरची बाई मागून येते तसं दिसायचं. गावात पुढं धनी आणि मागं बायको हीच चाल. राहिलं मागं. तेही अंतर राखून, आणि नजरानजर होऊ न देता, म्हणजे बाईला अवघडल्यासारखं व्हायला नको. सकाळची थंडी असायची, म्हणून डोक्यावरून घोंगडी. हातात काठी. बाई थांबली की हा झाडाआड थांबायचा. बाई निघाली की हा निघायचा. आपल्या सभ्यपणाचं त्याचं त्यालाच कौतुक वाटत होतं.

तिकडं मार्ताबाईचेही काही नियम होते. हे कुशाबाला मागाहून कळलं, पण इथंच सांगून टाकलेलं बरं. परमुलखात एकट्या बाईनं कसं राहावं हे ती बऱ्याच देशांत फिरून शिकली होती. आपण कुठं चाललो हे कुणाला सांगू नये. एकटे आहोत हे तर मुळीच सांगू नये. रोज एकाच वाटेनं, एकाच वेळी जाऊ नये. आणि कुणी मागं आहे असं वाटलं, तर माणसांच्या वर्दळीकडं चालू लागावं.

असे नियम घेऊन ती आमच्या मुलखात आली, जिथं समोर माणूस दिसला की "कुठं चालला?" हे विचारल्याशिवाय कुणी पुढं जात नाही.

"कुठं चालल्या, बाई?" ओट्यावरून साळुबाई.

"एकल्याच का?" बांधावरून अंबाबाई.

"मालक कुठं हैत? कवा येणार माघारी? दिस मावळायच्या आत ना?" पाणंदीला कुणी कुणी.

त्यात माया होती. पण चोराला जेवढी माहिती लागते, तेवढी सगळी एवढ्या प्रश्नांत मावते, हे तिच्या जागी आपण असतो तर आपल्याही ध्यानात आलं असतं. दोन दिवस तिनं खरी उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माझे पती पुण्याहून येत आहेत. ते आज सायंकाळी पोहोचतील."

नवरा तिला नव्हताच. पण ती बातमी न्याहारीच्या आत गावभर झाली. संध्याकाळी अर्धा गाव एसटीच्या थांब्यावर. शेवटची गाडी आली, तिच्यातून दोन पोती पेंड आणि एक शिक्षक उतरला. नवरा नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, "आलं का मालक?"

"उद्या येतील," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चिरका लागला.

कुशाबानं ते झाडाआडून ऐकलं आणि त्याचं वॉचमनचं डोकं चालू झालं. नवरा येणार होता, आला नाही. बाईचा चेहरा उतरलेला. आणि त्याच दिवशी बाईनं वाट बदलली. रोजची गाडीवाट सोडून ओढ्याकडून गेली. पुढच्या दिवशी कांद्याच्या वावरातून. त्याच्या पुढच्या दिवशी तर तोंड एकीकडं करून निघाली आणि अर्ध्यातून दुसरीकडंच वळली. मधूनच मागं वळून बघायची. बघितलं की कुशाबा घोंगडी पुढं ओढून खाली बसायचा.

घरी भाकरी खाताना तो बायकोला म्हणाला, "सरू, बाईच्या मागं कुणीतरी लागलंय."

सरूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कुणी बघितला का?"

"मी न्हाई बघितला. पण ती भ्यालीय. सारखी मागं बघती. वाटा बदलती. मी रोज तिच्या मागं असतो, तरी मला दिसंना, म्हंजी किती पोचलेला असंल!"

"तुमच्याशिवाय तिच्या मागं कुणीच न्हाई?"

"कुणीच न्हाई. त्याचीच तर चिंता हाय."

सरूबाईनं नवऱ्याकडं जरा वेळ बघितलं. काही बोलणार होती, पण भाकरी करपायला लागली.

आपण एकटे पुरे पडत नाही, हे कुशाबाला पटलं. म्हणून त्यानं मदतीला सावळेरामाला घेतलं. सावळेराम पश्चिमेकडचा, भीमाशंकरच्या अंगाच्या डोंगरातला. भात झोडून झालं की खाली लागणीच्या कामाला यायचा. अंगानं बारका, बोलणं कमी, आणि कमरेला कायम कोयता. रानातला माणूस, कोयत्याविना बाहेर पडणं म्हणजे त्याला धोतराविना बाहेर पडल्यासारखं.

"तू फकस्त बाजूनं नजर ठेव," कुशाबा म्हणाला. "मी मागून बघतो. कोण असंल त्यो आज घावलाच पायजे."

"बरं," सावळेराम म्हणाला.

त्या सकाळी मार्ताबाई कालव्याच्या कडेनं निघाली. एका बाजूला पाणी, एका बाजूला ऊस, वाटेवर चिटपाखरू नाही. जरा अंतर गेल्यावर तिनं मागं बघितलं. आज घोंगडीवाल्याबरोबर आणखी एक होता, उसाच्या कडेनं चाललेला.

ती झपाझप चालू लागली.

"बघितलंस?" कुशाबा पुटपुटला. "कायतरी दिसलं तिला." आणि तोही झपाझप चालू लागला.

तिनं पुन्हा मागं बघितलं आणि पळत सुटली.

"आरं, पळ सावळेरामा! आला वाटतं त्यो!"

दोघं पळाले. पळताना कुशाबा स्वतःही मागं वळून बघत होता, कोण येतंय ते. मागं कुणी नव्हतं, कालवा होता. त्याचं धोतर सुटायला आलं, घोंगडी पायात आली, तरी तो थांबला नाही. "बाई, थांबा! भिऊ नगा! आमी हाय!" असं ओरडत त्यानं काठी वर करून फिरवली, म्हणजे तिला धीर यावा. सावळेरामाच्या कमरेला कोयत्याचे हिसके बसायला लागले, म्हणून त्यानं तो उपसून हातात घेतला.

मार्ताबाई मोठ्या सडकेला लागली, समोरून आलेल्या वडापच्या जीपला आडवी झाली आणि आत चढून निघून गेली. गाडीतल्या माणसांना तिनं एवढंच सांगितलं, "पोलीस."

कुशाबा सडकेवर धापा टाकत उभा राहिला. जीप दिसेनाशी झाली तशी त्याला हायसं वाटलं.

"सुटली बाई," तो म्हणाला. "चौकीतच गेली असंल. शानी हाय. चल सावळेरामा, आपुन बी जाऊ. साक्ष द्यायला लागंल."

आणि ते दोघं दुसरी गाडी पकडून आपल्या पायांनी, आपल्या खर्चानं चौकीत गेले.

हवालदार टेबलाशी बसला होता. कुशाबानं पायरीवर वॉचमनच्या सवयीनं टाच आपटली.

"साहेब, एक गोरी बाई आली का इथं?"

"आत बसलीय. चहा दिलाय. का?"

"तिच्या मागं गुंड लागलं व्हतं. आमी बघितलंय. साक्षीला आलोय."

हवालदार खूश झाला. असे साक्षीदार पायरीवर चालून येत नाहीत. "या, बसा. बाईनं वर्णन दिलंय. दोघं जण होते म्हणती."

"दोघं?" कुशाबानं सावळेरामाकडं बघितलं. "बघ. आपल्याला एक बी दिसला न्हाई."

"एक म्हातारा," हवालदार वही ओढून, लिहिता लिहिता सांगू लागला. "डोक्यावरून घोंगडी, हातात काठी, मिशा ह्या अशा. आठवडाभर मागं आहे म्हणती, झाडाआड दडतो. दुसरा बारका, कोयतेवाला. तो आजच दिसला."

कुशाबानं मान हलवली. "असली माणसं आपल्या भागातली न्हाईत, साहेब. भायेरची टोळी असणार. मिशीवरून तर सरळ सरळ दरोडेखोर..."

सावळेरामानं त्याची घोंगडी ओढली.

"थांब रं. सरळ सरळ दरोडेखोर वाटतोय."

सावळेरामानं परत ओढली. हवालदार आता लिहायचा थांबला होता आणि कुशाबाच्या मिशीकडं बघत होता. मग त्यानं काठीकडं बघितलं. मग सावळेरामाच्या कोयत्याकडं.

"आबा," तो हळू म्हणाला, "तुम्ही जरा त्या बाकावर बसता का? कोयता इकडं द्या."

कुशाबाला ते उमगायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात मार्ताबाई येऊन उभी राहिली. तिच्या हातात चहाचा कप होता.

"हाच मनुष्य," ती म्हणाली.

गावी आल्यापासून कुशाबानं 'चोर कसा दिसतो' यावर पारावर व्याख्यानं दिली होती. चोर कसा बसतो, हे त्याला त्या बाकावर कळलं. घोंगडी काढून मांडीवर घेतली, तर हात कुठं ठेवावेत ते समजेना.

चौकीतून निरोप गेला तसा दुपारपर्यंत रखमाजी सरपंच आला, आणि त्याच्याबरोबर सरूबाई. सरपंचानं झाला प्रकार सांगितला. हवालदार तोंड दाबून हसला, पण मार्ताबाई हसली नाही.

"आपण माझं रक्षण करत होता," ती कुशाबाला म्हणाली. "मग एकदाही समोर येऊन सांगितलं का नाही?"

कुशाबा जमिनीकडं बघत म्हणाला, "परक्या बाईमाणसाशी वाटंत बोलायचं कसं? तुमाला अवघड वाटलं असतं."

"आणि झाडामागे लपत का होता?"

"तुमची नजर पडली, तर अवघड वाटंल म्हणून."

"आणि मागे का?"

"बरोबरीनं चालणं बरं दिसत न्हाई, म्हणून."

मार्ताबाईनं कप खाली ठेवला. "चार रात्री मी खाट दाराला लावून त्यावर बसून काढल्या आहेत. माझं काम अर्धं राहिलं आहे. मी तक्रार लिहून देणार नाही. परंतु मी उद्या पुण्याला जाते. भिऊन मला लेणी मोजता येत नाहीत. टेप धरलेला हात हलतो."

हे ऐकून कुशाबाला तक्रारीपेक्षा जास्त लागलं. तक्रार असती तर भांडता आलं असतं. आपल्या गावातून पावणी भिऊन चालली, आणि तिला भिववणारा दुसरा कुणी नाही, शोधूनही सापडायचा नाही.

तेवढ्यात सरूबाई पुढं झाली. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभी होती.

"बाई, मी बोलू का?"

"बोला."

"ह्या मानसानं लगीन झाल्यापासून माझ्याम्होरं चालत जन्म काढला. बाजाराला ह्यो म्होरं, मी मागं. जत्रंला ह्यो म्होरं, मी मागं. एकदा लेण्याद्रीच्या गर्दीत मी हरवले, तर ह्यो घरी पोचून, पाय धून, जेवायला बसल्यावर ह्याच्या ध्यानात आलं." ती कुशाबाकडं वळली. "जन्मात माझ्यासाठी मागं वळून न्हाई बघितलं, अन् हिच्या मागं झाडाआड बसत व्हता? म्हनं वाचमन!"

आता मात्र मार्ताबाईच्या तोंडाला हसू फुटलं. ते तिनं आवरायचा प्रयत्न केला, पण बाकावरचा सावळेरामच आधी खिंकाळला आणि मग कुणालाच आवरलं नाही. कुशाबाला हसावं की नाही ते कळेना, म्हणून त्यानं मिशीला हात लावला आणि पटकन खाली घेतला. त्याला पारावरचा शब्द आठवला होता.

हसणं ओसरल्यावर सरूबाई म्हणाली, "उद्या जाऊ नगा. उद्या मी येते तुमच्या संगं. मागं न्हाई, म्होरं न्हाई. कडंनं. गणपतीच्या पलीकडची लेनी मी बी कवा बघितली न्हाईत. तुमचा टेप मी धरीन दुसऱ्या टोकाला. अन् भ्या वाटलं, तर परवा खुशाल जावा."

मार्ताबाईनं कप परत उचलला आणि उरलेला चहा संपवला. "उद्याचा एक दिवस बघते," ती म्हणाली.

गावी परतताना अंधारायला आलं होतं. पारावर माणसं जमलेलीच होती. कुणी काही बोलायच्या आत कुशाबा दगडावर बसला आणि म्हणाला, "गेणू, वस्तरा आण."

"अवो, राहू द्या. चेष्टेचं बोलणं ते."

"चेष्टेचं न्हवतं. बाई भ्याली. कुणामुळं भ्याली ह्याची अट व्हती का?"

अशी अट नव्हती, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. गेणूनं कंदील जवळ घेतला, साबण लावला आणि हात उचलला. "शेवटचं विचारतो," तो म्हणाला.

"चालव," कुशाबा म्हणाला.

मिशी गेली तेव्हा खालून ओठ निघाला. तो फारच केविलवाणा होता, आणि एवढी वर्षं त्याला उजेड नसल्यानं पांढराफटक पडला होता.

सकाळी कुशाबा बाहेर पडला आणि पहिल्याच वळणावर अंबाबाईनं डोईवरचं गवत खाली टाकलं. आमच्याकडं मिशी उतरवतात ती आईबाप गेल्यावर. "अगं आई! कुशाबा, कोण गेलं वो?"

कुशाबाचे आईबाप जाऊन जमाना झाला होता.

"वाचमन गेला," तो म्हणाला. "लई दिवसाचा आजारी व्हता."

पुढं दोघातिघांनी विचारलं, त्यांनाही त्यानं हेच सांगितलं. एकानं खरंच हळहळून विचारलं, "दहावा कवा?"

साळुबाईच्या दारात पोचल्यावर त्यानं आज शहाणपण केलं. झाडाआड थांबला नाही. घोंगडी घरी, काठी घरी. खोलीच्या समोर, उजेडात, हात मोकळे सोडून उभा राहिला, म्हणजे बाईला नीट दिसावा. कडी काढल्याचा आवाज झाला, दार उघडलं. मार्ताबाईनं समोर बघितलं. पांढऱ्या ओठाचा, अनोळखी, काळा म्हातारा अंगणात उभा राहून तिच्याकडं बघून हसत होता.

दार धाडकन लागलं. आत खाट सरकवल्याचा आवाज आला.

"बाई, मीच हाय! कुशाबा!" तो ओरडला. "मिशी काढली! मीच त्यो, कालचा!"

तेवढ्यात सरूबाई आली. तिनं नवऱ्याला हातानं बाजूला केलं आणि दारावर टकटक केलं. "बाई, उघडा. कुणी न्हाई, आमचंच ध्यान हाय."

दार फटीएवढं उघडलं. मार्ताबाईनं फटीतून कुशाबाचं तोंड नीट न्याहाळलं, आणि मग तिथंच चौकटीला धरून हसत खाली बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसून झाल्यावर तिनं पिशवीतून टेप काढला आणि सरूबाईच्या हातात दिला.

निघाले तिघं. दोघी बरोबरीनं, बोलत. मार्ताबाईनं कुशाबाला पुढं चालायला लावलं. तो दिसत राहील तेवढ्या अंतरावर, असं तिनं बजावलं होतं. गाडीवाटेला लागल्यावर साळुबाई ओट्यावरून ओरडली, "कुठं चालल्या, बाई?"

मार्ताबाई जराशी थांबली. "लेणी मोजायला," ती म्हणाली. "सरूबाई बरोबर आहेत. दुपारी येऊ."

कुशाबा पुढं चालत होता, पण त्याला चैन पडेना. मागं काय चाललंय ते दिसत नव्हतं. दोघी कशाला तरी हसत होत्या, आणि ते आपल्यावरच आहे याची त्याला खात्री होती. ओढ्याच्या अलीकडं त्यानं मान वळवून बघितलं. जरा पुढं गेल्यावर परत बघितलं. चढण लागली तेव्हा तिसऱ्यांदा.

"बघा बाई," सरूबाईचा आवाज आला, "आत्ता शिकलं."

"म्होरं बघून चाला!" मग ती त्याला ओरडून म्हणाली. "ठेचकाळशिला. आमी हाय मागं."

कुशाबा तोवर ठेचकाळलाच होता.